गोल्फमधील पवित्रा आणि रोख

७ ऑगस्ट २०२१ या दिवशीं भारतांतील पुष्कळ घरांत भल्या सकाळींच दूरचित्रवाणीसमोर माणसें येऊन बसलीं होतीं. टोकियो ऑलिंपिकमधील स्त्रियांच्या गोल्फ स्पर्धेची अखेरची फेरी चालू होती आणि बंगळूरची अदिति अशोक पदकाच्या अगदीं उंबरठ्यावर उभी होती. शेवटीं पदक एका फटक्यानें हुकलें. तिचा क्रमांक चौथा लागला. या खेळाचा गंधहि नसलेल्या प्रेक्षकांना त्या दिवशीं हळहळ वाटली, आणि त्याबरोबर एक कोडेंहि पडलें असेल. गोल्फचा खेळाडू चेंडूच्या पाठीमागें जाऊन उभा राहतो, दूरवर टक लावतो, पुढें येतो, काठी जमिनीला टेंकवितो, पाय सरकवितो, मान वळवून पुन्हां पाहतो. क्वचित् सारा थाट मोडून पुन्हां मागें जातो. मग फटका मात्र डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होऊन जातो. पाहणाऱ्यास वाटतें, हा सगळा वेळ उगीच दवडला, खेळ काय तो फटक्यांत आहे. वस्तुस्थिति जवळजवळ उलट आहे.

हा खेळ आपल्याकडे नवा नाहीं. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ सालीं कलकत्त्यास निघाला, आणि चेंबूरच्या मैदानावर १९२७ पासून तो खेळला जात आहे. तरीहि कुंपणाबाहेरून पाहणाऱ्या बहुतेकांच्या मनांत एकच समजूत असते: चेंडू तर जागचा हलत नाहीं, मग त्याला मारण्यांत अवघड तें काय?

चेंडू हलत नाहीं हें खरें, आणि अवघडपणा तेथेंच आहे. क्रिकेटचा फलंदाज पवित्र्यांत थोडा चुकला तरी येणाऱ्या चेंडूकडे पाहून पाऊल बदलतो, बॅट वळवितो; चेंडूच त्याला सुधारतो. गोल्फमध्यें सुधारणारें कोणी नाहीं. काठी मागें नेऊन चेंडूपर्यंत आणावयास निष्णात खेळाडूस सुमारें एक सेकंद लागतो; त्यांतील खालीं येण्याचा भाग पाव सेकंदाच्या आसपास. काठीचें तोंड आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श सेकंदाच्या सुमारें दोनहजाराव्या हिश्श्याएवढा टिकतो. डोळ्यानें चूक हेरावी, मेंदूनें हुकूम सोडावा आणि हातानें तो पाळावा, इतकी उसंत या अवधींत नसते. म्हणून जें कांहीं ठरावयाचें तें खेळाडू निश्चल उभा असतांना बरेंचसें ठरून गेलेलें असतें.

थोर खेळाडूंनीं हें ओळखलें होतें. बेन होगन या अमेरिकन खेळाडूनें १९५७ सालीं गोल्फचे पांच पाठ पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला पाठ काठी कशी धरावी याचा, दुसरा उभें कसें राहावें याचा. काठी प्रत्यक्ष हलते ती तिसऱ्या पाठांत. जॅक निकलॉसनें तर १९७४ च्या आपल्या पुस्तकांत असा हिशेब मांडला कीं, हवा तसा फटका साधण्यांत निम्मा वांटा मनांत उभ्या केलेल्या चित्राचा, चाळीस टक्के पवित्र्याचा, आणि राहिलेला दहा टक्के काठी फिरविण्याचा. असल्या टक्केवारीला अंकगणिताची किंमत देऊं नये. परंतु फटक्याच्याच जोरावर ज्यानें अठरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्यानें फटक्याला इतकें खालचें स्थान द्यावें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आतां अडचण कोठें येते तें पाहावें. कॅरम खेळणारा मुलगा स्ट्रायकर, सोंगटी आणि खिसा यांच्या सरळ रेषेमागें डोळा नेतो. बंदूकधारी नळीच्या रेषेंतून पाहतो. बिलियर्ड खेळणारा क्यूवर हनुवटी टेंकवितो. या सर्वांचा डोळा नेमाच्या रेषेवरच असतो. गोल्फच्या खेळाडूचा डोळा रेषेवर नसतो. तो रेषेच्या बाजूला, तिच्याकडे तोंड करून, कमरेंतून वांकून उभा असतो, आणि लक्ष्य असतें त्याच्या डाव्या खांद्यापलीकडे दोनशें यार्डांवर. (येथें सर्वत्र उजव्या हातानें खेळणारा खेळाडू गृहीत धरला आहे, डावखोऱ्यानें डावें-उजवें उलट समजावें.) असा आडवा डोळा हटकून फसवितो. त्याची रीत मोठी गमतीची आहे. नवखा खेळाडू मान वळवून पाहतो आणि डाव्या खांद्याचें टोंक झेंड्याच्या खालीं आलें कीं रोख बरोबर साधला असें समजतो. पण वांकलेल्या माणसाचे डोळे खांद्यांच्या रेषेच्या बरेच पुढें असतात. त्यामुळें डोळ्यांतून खांद्याच्या टोंकाकडे जाणारी रेषा निराळी, आणि दोन्ही खांद्यांना जोडणारी रेषा निराळी. खांद्याचें टोंक झेंड्याखालीं दिसतें, तेव्हां खांदे खरोखर झेंड्याच्या पुष्कळ उजवीकडे वळलेले असतात. जो बरोबर उभा आहे त्याला आपण डावीकडे पाहून उभे आहों असा भास होतो, आणि जो चुकला आहे तो निश्चिंत असतो.

बरोबर रोख म्हणजे आगगाडीचे दोन रूळ समजावे. पलीकडच्या रुळावर चेंडू आणि काठीचें तोंड. तो रूळ थेट लक्ष्यास जातो. अलीकडच्या रुळावर पावलें, गुडघे, कंबर आणि खांदे. तो पहिल्याशीं समांतर राहून लक्ष्याच्या किंचित् डावीकडे जातो. शरीर लक्ष्याकडे रोखावयाचें नसतें, तें लक्ष्याच्या रेषेला समांतर ठेवावयाचें असतें.

यांत थोडें चुकल्यानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. दोनशें यार्डांवर एका अंशाची चूक साडेतीन यार्ड होते. पांच अंशांची चूक, जी पाहणाऱ्यास दिसतहि नाहीं, सतरा यार्डांहून अधिक होते; तीस यार्ड रुंदीच्या फेअरवेच्या मध्यावर नेम धरलेला चेंडू तेवढ्यानें गवतांत जातो. परंतु एवढेंच असतें तर विशेष भीति नव्हती. चुकीचा रोख चेंडूला चुकीच्या जागीं नेतो, हें त्याचें लहान पाप. मोठें पाप हें कीं तो चांगला फटका नासवितो.

एखादा होतकरू खेळाडू, ज्याचा हात मुळांत सरळ आहे, तो नकळत दहा अंश उजवीकडे वळून उभा राहिला असें समजावें. त्यानें निर्दोष फटका मारला तर चेंडू निर्दोषपणें उजवीकडच्या झाडींत जाईल. दोनतीनदां असें झालें कीं त्याचें शरीर, त्याला न विचारतां, उपाय शोधूं लागतें. लक्ष्य कोठें आहे हें मनाला पक्कें ठाऊक असतें. तेव्हां काठी खालीं येतांना उजवा खांदा पुढें लोटला जातो आणि काठी बाहेरून आंत, डावीकडे ओढली जाते. एखादे वेळीं चेंडू नेमका झेंड्यापाशीं पडतो, आणि खेळाडू खूष होतो. तोच दिवस खरा वाईट. कारण एका चुकीनें दुसरी चूक झांकली, आणि दोहोंचा मिळून एक चांगला फटका झाला. दुसऱ्या दिवशीं ओढ कमी पडली तर चेंडू उजवीकडे, अधिक झाली तर डावीकडे. तो आपल्या हातांना दोष देतो, मनगटें तपासतो, नवी काठी विकत घेतो. पायांकडे त्याचें लक्ष जात नाहीं. पाय तर नुसते उभे होते!

याच रोगाचा दुसरा प्रकार अधिक प्रसिद्ध आहे. चेंडू हवेंत उजवीकडे वळत जातो, त्याला गोल्फच्या भाषेंत स्लाइस म्हणतात. या व्याधीनें गांजलेला मनुष्य साहजिकच विचार करतो कीं, चेंडू उजवीकडे वळतो तर आपण डावीकडे तोंड करून उभें राहावें. रडारच्या साह्यानें चेंडूची आणि काठीची गति मोजूं लागल्यापासून या विचारांतील खोट स्पष्ट झाली आहे. जुन्या पुस्तकांतून असें शिकवीत कीं चेंडू काठीच्या मार्गानें सुटतो. मोजमापांनीं दाखविलें कीं तो मुख्यत्वें काठीच्या तोंडाच्या दिशेनें सुटतो, आणि पुढें कोणीकडे वळणार हें तोंडाचा रोख व काठीचा मार्ग यांतील फरकावर अवलंबून असतें. डावीकडे वळून उभें राहिलें कीं काठीचा मार्ग आणखी डावीकडे जातो. तोंड मात्र लक्ष्याकडेच राहतें. फरक वाढतो, आणि चेंडू पूर्वींपेक्षांहि अधिक वळतो. मग तो बिचारा आणखी डावीकडे वळून उभा राहतो. अशा रीतीनें वर्षें जातात.

यावर जो उपाय रूढ आहे तो साधा आहे, आणि म्हणूनच कदाचित् पाळला जात नाहीं. रोख बाजूनें पाहून ठरवूं नये. तो चेंडूच्या मागें उभें राहून ठरवावा, कारण तेथें डोळा रेषेवर असतो. पण दोनशें यार्डांवरचें लक्ष्य बाजूला येतांच हातांतून निसटतें. निकलॉस याकरितां चेंडूच्या पुढें थोड्याच फुटांवर, त्याच रेषेंत, एखादी खूण हेरी: वाळलेलें पान, गवताचा उखडलेला तुकडा, कांहींहि. दूरच्या झेंड्याकडे काठीचें तोंड रोखणें कठीण. दोनचार फुटांवरच्या पानाकडे रोखणें कोणालाहि साधतें. मग आधीं काठीचें तोंड त्या खुणेशीं काटकोनांत टेंकवावें, आणि त्यानंतरच पावलें त्या तोंडाच्या हिशेबानें ठेवावीं. नवशिका नेमका क्रम उलटवितो. तो आधीं पाय रोवतो आणि मग काठी कशीबशी पायांना जुळवून घेतो.

जवळच्या खुणेचें महत्त्व स्कॉटलंडमध्यें सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर विशेष पटतें. तेथील सतराव्या होलला सुरुवातीच्या जागेवरून फेअरवे दिसतच नाहीं. समोर एक बांधकाम आडवें येतें, उजवीकडे मैदानाची हद्द संपते, आणि बांधकामाच्या भिंतीवर तेथील हॉटेलचें नांव मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें. जगांतील उत्तमोत्तम खेळाडू त्या नांवांतील एखादें अक्षर निवडतात आणि त्यावरून चेंडू मारतात. न दिसणाऱ्या हिरवळीपेक्षां दिसणारें अक्षर त्यांना अधिक विश्वासाचें वाटतें.

चेंडू पावलांच्या मानानें कोठें असावा, हाहि पवित्र्याचाच भाग. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरसाठीं तो डाव्या टांचेच्या समोर, आखूड काठ्यांसाठीं हळूहळू मध्याकडे. चेंडू फार पुढें गेला कीं त्याला गांठण्यासाठीं खांदे आपोआप डावीकडे उघडतात, आणि पावलें अचूक असूनहि रोख बिघडतो. उजवा हात काठीवर डाव्याच्या खालीं असतो, त्यामुळें उजवा खांदा पुढें येण्याची ओढ कायमचीच असते. तात्पर्य, नुसतीं पावलें तपासून भागत नाहीं.

येथें एक आक्षेप रास्त आहे. ली ट्रेव्हिनो उघडउघड डावीकडे तोंड करून उभा राही आणि चेंडू उजवीकडे वळवीत आणी. त्यानें १९६८ व १९७१ या दोन्ही सालीं अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. सॅम स्नीड उलट उजवीकडे रोख धरी. मग समांतर रुळांचा आग्रह कशाला? याचें उत्तर असें कीं, ट्रेव्हिनो डावीकडे पाहतो हें ट्रेव्हिनोला ठाऊक होतें. तो रोज तितकाच डावीकडे पाही आणि त्याचा चेंडू रोज तितकाच वळे. ज्याला आपला रोख ठाऊक नाहीं, आणि जो रोज निराळा असतो, त्याला ट्रेव्हिनोचा दाखला उपयोगी नाहीं.

नियमकर्त्यांनींहि रोख साधणें हें खेळाडूचें स्वतःचें कसब मानलें आहे. फटका मारतांना दिशा समजावी म्हणून जमिनीवर काठी आडवी ठेवून पवित्रा घेणें आतां निषिद्ध आहे. पूर्वीं व्यावसायिक सामन्यांत, विशेषतः स्त्रियांच्या, कॅडी खेळाडूच्या पाठीमागें उभा राहून रोख बरोबर आहे कीं नाहीं तें सांगत असे. १ जानेवारी २०१९ पासून अमलांत आलेल्या नियमांनीं तें बंद केलें: खेळाडू पवित्रा घेऊं लागला कीं कॅडीनें त्या रेषेवर मागें थांबतां कामा नये. त्याच महिन्यांत दुबईच्या स्पर्धेंत शेवटच्या होलवर ली हाओतोंग या चिनी खेळाडूस याखालीं दोन फटक्यांचा दंड झाला, आणि पुष्कळ ओरड झाली. फेब्रुवारींत नियमाचा खुलासा करून, खेळाडूनें पवित्रा मोडून नव्यानें घेतल्यास दोष राहत नाहीं असें ठरविण्यांत आलें. सरावाच्या मैदानावर मात्र सर्व मोकळीक आहे. तेथें पावलांच्या टोंकांशीं एक काठी ठेवावी, मागें जाऊन ती कोणीकडे जाते तें पाहावें, आणि आश्चर्यचकित व्हावें.

लांब फटक्यांपेक्षांहि रोखाची कसोटी लागते ती ग्रीनवर, जेथें चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलावयाचा असतो. होलचा व्यास १८९१ पासून सव्वाचार इंच ठरलेला आहे. दहा फुटांवरून, जमीन सपाट असली तरी, चेंडूचा रोख एका अंशाहून अधिक चुकला कीं तो होलबाहेर जातो. कित्येक खेळाडू यासाठीं चेंडूवर एक रेघ ओढून ठेवतात आणि मागें बसून ती होलकडे नीट जुळवितात. यास नियमांची आडकाठी नाहीं. पण उठून चेंडूशेजारीं उभें राहतांच तीच रेघ वांकडी दिसूं लागते. रेघ हललेली नसते; डोळा हललेला असतो. कसलेला खेळाडू मागून पाहिलेल्या रेषेवर भरंवसा ठेवून फटका मारतो. इतरेजन त्या क्षणीं मनगट केंसभर वळवितात, आणि चेंडू होलच्या कांठाला चाटून पुढें जातो.