गेलेल्या ताऱ्याचं वजन कसं करायचं?

एखादा तारा स्फोट होऊन संपला. तो मुळात किती जड होता, हे आता कसं कळणार? त्याची भावंडं अजून जिवंत असतील, तर कळू शकतं.

वृश्चिक राशीच्या दक्षिणेला 'वेस्टरलुंड १' नावाचा तारकागुच्छ आहे. स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ बेंग्ट वेस्टरलुंड यांनी तो १९६१ साली ऑस्ट्रेलियातून शोधला. त्यातले शेकडो जड तारे साधारण एकाच काळात जन्मले, आणि तेही अवघ्या काही दशलक्ष वर्षांपूर्वी.

तारा जितका जड, तितका अल्पायुषी. सूर्याचं इंधन सुमारे १००० कोटी वर्षं पुरतं. सूर्याच्या ४० पट वस्तुमानाचा तारा मात्र साधारण ५० लाख वर्षांतच आटोपतो. त्याच्याकडे इंधन जास्त असतं, पण ते तो कैक पटींनी वेगाने जाळतो. म्हणून एकाच वयाच्या भावंडांत सगळ्यात जड तारा आधी जातो. जो गेला, तो आज उरलेल्यांपेक्षा जड होता असं धरता येतं.

२००५ मध्ये चंद्रशेखर यांच्या नावाच्या 'चंद्रा' क्ष-किरण दुर्बिणीतून या गुच्छात एक मॅग्नेटार सापडला. मॅग्नेटार म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा. हा १०.६ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. आता भावंडांकडे पाहा. या गुच्छात एकमेकांना ग्रहण लावणारी ताऱ्यांची एक जोडी आहे. त्या ग्रहणांवरून दोघांचं वस्तुमान काढता आलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष निघाला, की मॅग्नेटारचा मूळ तारा सूर्याच्या किमान ४० पट जड असावा.

इथेच पंचाईत झाली. एवढ्या जड ताऱ्याचं कृष्णविवर व्हायला हवं होतं. मग न्यूट्रॉन तारा कसा उरला?

बहुधा तो एकटा नव्हता. जोडीतले तारे फार जवळ असले, तर एकाचे बाहेरचे थर दुसऱ्याकडे ओढले जातात किंवा अवकाशात उधळले जातात. स्फोटाची वेळ येईपर्यंत या ताऱ्याचं बरंचसं वस्तुमान असं निघून गेलं असावं. २०१४ मध्ये संशोधकांना त्याचा संभाव्य जोडीदारही सापडला: स्फोटाचा धक्का बसल्यासारखा गुच्छातून वेगाने बाहेर निघालेला एक तारा.

बहुतेक जड तारे जोडीनेच राहतात. म्हणून ताऱ्याचा शेवट कसा होणार, हे सांगायला नुसतं जन्माच्या वेळचं वजन पुरत नाही. शेजारी कोण होतं, हेही विचारावं लागतं.