जंतू मरतो, विष उरते

क्वीन्सलंड हा ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडचा उष्ण प्रांत. त्यातले बंडाबर्ग हे उसाच्या मळ्यांचे आणि साखर कारखान्यांचे गाव. २७ जानेवारी १९२८ या दिवशी तेथे २१ मुलांना घटसर्पाची प्रतिबंधक लस टोचण्यात आली. जानेवारी म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. संध्याकाळ होते न होते तोच मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले, ताप चढला, काहींना झटके येऊ लागले. २१ पैकी १८ मुले आजारी पडली आणि दोन दिवसांच्या आत त्यांतली १२ दगावली. घटसर्पाच्या भीतीपायी आईबापांनी स्वतःच मुलांना लस टोचायला आणले होते.

सरकारने ताबडतोब चौकशी आयोग नेमला. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेचे संचालक चार्ल्स केलवे हे त्याचे अध्यक्ष. प्रयोगशाळेतले काम त्यांच्याच संस्थेतल्या एका तरुण शास्त्रज्ञाकडे आले. त्याचे नाव मॅकफार्लेन बर्नेट. पुढे १९६० साली नोबेल पारितोषिक मिळवणारा बर्नेट तेव्हा तिशीच्याही आतला होता. लशीत घटसर्पाचे विष चुकून जास्त पडले असावे, असा पहिला संशय होता. तो खोटा ठरला. त्याच महिन्यात त्याच बाटलीतून आधी टोचलेल्या मुलांना काहीही झाले नव्हते. मग मधल्या दिवसांत त्या बाटलीत काय घडले?

उत्तर मिळाले ते बाटलीत उरलेल्या द्रवात आणि वाचलेल्या मुलांच्या दंडावरच्या गळवांत. दोन्हीकडे एकच जंतू सापडला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. अनेकदा वापरायच्या, रबरी बुचाच्या त्या बाटलीत जंतुनाशक घातलेले नव्हते. कुठल्यातरी खेपेस सुईबरोबर हा जंतू आत शिरला आणि उन्हाळ्याच्या उबेत वाढत राहिला.

घरातलाच पाहुणा

हा जंतू आपल्या ओळखीचा आहे. गळू, केसतूड, नखुरडे, डोळ्यावरची रांजणवाडी ही बहुतेक वेळा त्याचीच करणी. अ‍ॅबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यांना गोल गोल जंतूंचे घोस दिसले. द्राक्षाच्या घडासारखे दिसतात म्हणून ग्रीक भाषेतल्या द्राक्षघडावरून त्यांनी त्याला नाव दिले. १८८४ साली जर्मनीच्या रोझेनबाख यांनी, त्याच्या वसाहती सोनेरी दिसतात म्हणून, त्यापुढे 'ऑरियस' हे विशेषण जोडले.

सुमारे दर तीन माणसांमागे एकाच्या नाकात हा जंतू निवांत राहत असतो. कातडी शाबूत असेल, प्रकृती ठीक असेल तर तो वर्षानुवर्षे काही करत नाही. पण जखमेतून, सुईच्या टोकातून किंवा शस्त्रक्रियेच्या टाक्यातून तो आत उतरला की हाडापासून हृदयाच्या झडपांपर्यंत कुठेही ठाण मांडतो. जगभरच्या आकडेवारीचा एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार एकट्या २०१९ या वर्षात दहा लाखांहून अधिक मृत्यूंशी या जंतूचा संबंध होता.

बर्नेटला मात्र एक प्रश्न छळत होता. जंतूंना शरीरभर पसरून माणूस मारायला वेळ लागतो. बंडाबर्गची मुले काही तासांत कोसळली होती. मग त्यांना जंतूंनी मारले की जंतूंनी आधीच तयार करून ठेवलेल्या कशाने? त्याने जंतू वाढवलेला द्रव घेतला आणि गाळून त्यातले जंतू काढून टाकले. उरलेला द्रव सशांच्या शिरेत टोचला की ससे थोड्याच वेळात मरत. म्हणजे जंतू नसले तरी मारायला त्यांचे विष पुरेसे होते. या विषाला आज आपण अल्फा विष म्हणतो.

पेशीला पडणारे भोक

हे विष पेशीचे नेमके काय करते, हे डोळ्यांना दिसायला १९९६ साल उजाडले. अमेरिकेत एरिक गूओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने या विषाचा अणूअणूचा नकाशा काढला.

अल्फा विष म्हणजे २९३ अमिनो आम्लांची साखळी असलेले एक प्रथिन. जंतू ते सुट्या कणांच्या रूपात बाहेर सोडतो. सुटा कण एकटा निरुपद्रवी असतो. पण पेशीच्या पातळ, स्निग्ध पटलावर तो चिकटतो आणि तेथे एकाला एक लागून असे सात कण गोल कडे धरतात. कडे जुळले की प्रत्येक कण आपला एक पदर खाली सोडतो आणि सातांचे मिळून एक नळकांडे पटलाच्या आरपार उतरते. बाजूने पाहिले तर छत्री उघडलेल्या अळंबीसारखा आकार दिसतो. या अळंबीची उंची एका मिलीमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढी.

पेशीचे जगणे आतबाहेरच्या फरकावर अवलंबून असते. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम आणि कॅल्शियम जास्त. हा तोल राखण्यासाठी पेशी अहोरात्र शक्ती खर्च करते. भोक पडले की पोटॅशियम बाहेर वाहून जाते, कॅल्शियम आत घुसते, मागोमाग पाणी शिरते. पेशी फुगते आणि फुटते. फुटली नाही तरी आत घुसलेल्या कॅल्शियममुळे तिचे सगळे व्यवहार बिघडतात.

विष चिकटते कशाला, याचा उलगडा २०१० साली शिकागोत झाला. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर 'अ‍ॅडॅम-१०' नावाचे एक प्रथिन असते. ते एरवी कात्रीसारखे काम करते आणि इतर प्रथिने गरजेपुरती कापते. अल्फा विष नेमके याच कात्रीला धरून पेशीवर बसते आणि ती अवेळी चालू करून देते. मग फुप्फुसाच्या किंवा कातडीच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे टाके ती कात्रीच उसवू लागते. भिंतीच्या विटा फुटतातच, शिवाय त्यांच्यामधला चुनाही निघून जातो. या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया इतका घातक का, हे यावरून कळते.

रक्षकांवरच हल्ला

गळवातला पू म्हणजे बव्हंशी मेलेल्या पांढऱ्या पेशी. जंतूंशी लढताना त्या कामी आल्या, असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण त्यांना मारणारी खास विषेही या जंतूजवळ असतात. बेल्जियमच्या व्हान दे व्हेल्दे यांनी १८९४ सालीच पांढऱ्या पेशी मारणारा पदार्थ दाखवून दिला होता. १९३२ साली पँटन आणि व्हॅलेंटाइन यांनी तो अल्फा विषापासून वेगळा ओळखला. त्यांच्या नावाने आज ओळखले जाणारे हे विष दोन प्रकारच्या कणांनी मिळून भोक पाडते.

पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावणारे रासायनिक संदेश रक्तात सुटतात. ते ऐकण्यासाठी या पेशींवर जणू कान असतात. पँटन-व्हॅलेंटाइन विष अशाच एका कानाला पकडते, हे २०१३ साली कळले. ज्या इंद्रियाने रक्षकाने धोक्याची हाक ऐकावी, तेथूनच मारेकरी आत शिरतो! त्याच वर्षी या जंतूचे दुसरे एक विष पांढऱ्या पेशींच्या 'सीसीआर-५' या प्रथिनाला धरते असे दिसून आले. एड्सचा विषाणूही पेशीत शिरताना याच दाराचा आधार घेतो.

माणसाचे कान आणि उंदराचे कान मात्र वेगळे असतात. पँटन-व्हॅलेंटाइन विष माणसाच्या आणि सशाच्या पांढऱ्या पेशी सहज मारते, उंदराच्या पेशींवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. उंदरांमध्ये गुणकारी ठरलेल्या लशी माणसांत निष्फळ का ठरल्या, याचे एक कारण येथे सापडते. या जंतूवर सर्वसामान्य वापरासाठी मान्य झालेली लस आजही नाही.

काही विषे भोक पाडतच नाहीत. तान्ह्या मुलांची कातडी भाजल्यासारखी सुटून येण्याचा विकार १८७८ साली प्रागच्या रिटर यांनी वर्णिला होता. त्यामागचे विष कातडीच्या वरच्या थरातील पेशी सांधणारे एकच प्रथिन कापते, हे जपानच्या मासायुकी अमागाई यांच्या गटाने २००० साली दाखवले. दुसरे एक विष पेशींना मारत नाही, भडकवते. एरवी एखादा जंतू आला की हजारो लढाऊ पेशींतली एखादी जागी होते. या विषाने शंभरातल्या पाच ते वीस एकदम उठतात, रक्तात रसायनांचा पूर येतो, ताप चढतो, अंगावर पुरळ उठते आणि रक्तदाब कोसळतो. जेम्स टॉड यांनी १९७८ साली सात मुलांमध्ये हा आजार वर्णिला. १९८० साली अमेरिकेत पाळीच्या वेळी फार शोषक टँपॉन वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये तो आढळला, तेव्हा तो जगाला ठाऊक झाला.

उकळले तरी

या जंतूची एक विषजात आपल्या स्वयंपाकघराशी संबंधित आहे. १९१४ साली फिलिपीन्समध्ये बार्बर नावाच्या संशोधकाने एका गाईचे दूध तपासले. ताजे दूध बाधत नसे, पण काही तास तसेच राहिलेले दूध प्यायले की उलट्या होत. त्याने तो अनुभव स्वतःवर घेऊन पाहिला. १९३० साली शिकागोत डॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रीम भरलेल्या केकमधून हा जंतू मिळवला, त्याचा गाळलेला द्रव स्वयंसेवकांना दिला आणि विषबाधेचे कारण पक्के केले.

हे विष अर्धा तास उकळूनही टिकते. खवा, पेढे, बासुंदी, सोलून ठेवलेले उकडलेले बटाटे यांना जखमेचा किंवा नाकाला लागलेला हात लागला आणि पदार्थ काही तास उबेत राहिला, की विष तयार होते. मग पुन्हा उकळी आणली तर जंतू मरतात, विष तसेच राहते. लग्नाच्या पंगतीनंतर दोन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या तर बहुधा हाच प्रकार असतो. 'गरम करून घेतले होते' हे समाधान येथे कामाचे नाही. पदार्थ वेळेवर थंड जागी ठेवणे आणि बोटाला गळू असलेल्याने तो न हाताळणे, एवढेच उपाय.

औषध कोणावर?

बंडाबर्गची मुले गेली त्याच वर्षी, १९२८ च्या सप्टेंबरात, लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बशीत बुरशीभोवतीचे जंतू विरघळलेले दिसले. ते जंतू म्हणजे हाच स्टॅफिलोकॉकस. पेनिसिलिनचा जन्म असा याच्याच अंगावर झाला. पण पेनिसिलिन सर्रास वापरात येऊन दहा वर्षे होण्याआधीच इस्पितळांतले बरेचसे जंतू त्याला दाद देईनासे झाले. मग मेथिसिलिन आले, आणि १९६१ सालीच त्यालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये नोंदले गेले.

तेव्हापासून आपण जंतू मारण्याच्या शर्यतीत आहोत. विषाचा विचार मागे पडला होता, तो आता परत येत आहे. न्यूयॉर्कच्या रिचर्ड नोविक यांच्या गटाने १९९५ साली दाखवले, की हे जंतू आठ अमिनो आम्लांच्या एका चिमुकल्या संदेशाने आपली गणती करतात. संख्या पुरेशी झाली, की सगळे मिळून विष सोडू लागतात. पू साचलेली जागा उघडून रिकामी करण्याला डॉक्टर इतके महत्त्व का देतात, हे यावरून समजावे. तेथे गर्दी असते आणि गर्दीत विष असते. ते गळू घरी पिळून आत ढकलणे म्हणजे तोच साठा रक्ताच्या वाटेवर नेणे. विषाचा जोर दिसू लागला, की जंतू मारणाऱ्या औषधाला डॉक्टर क्लिंडामायसिनसारख्या औषधाची जोड देतात. ते जंतूची प्रथिने तयार करण्याची यंत्रणाच थांबवते. विषही प्रथिनच असल्याने त्याचा पुरवठा आटतो.

बंडाबर्गच्या आयोगाने शिफारस केली, की जंतुनाशक न घातलेली लस अनेकदा वापरायच्या बाटलीत भरू नये. आपल्याकडे गोवर-रुबेलाची भुकटीची लस पातळ केल्यावर चार तासांच्या आत वापरावी लागते, उरली तर टाकून द्यावी लागते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका कुपी उघडली की तिच्यावर वेळ लिहिते. वेळ उलटून गेल्यावर, रांगेत दोनच मुले उरली असली तरी, ती नवी कुपी फोडते किंवा आईला पुन्हा यायला सांगते. दूरच्या पाड्यावरून मूल कडेवर घेऊन आलेल्या आईला याचा राग येणे साहजिक आहे. पण जुन्या कुपीत काय वाढले असेल ते डोळ्यांना दिसत नाही, आणि एकदा तयार झालेले विष परत काढून घेण्याची सोय नाही.