कोठीचा खर्च कुणी भरला?

पिंगळीत इंग्रजांचा राजवाडा नाही, आणि तो असण्याचं कारणही नव्हतं. परभणीहून पूर्णेकडे जाताना लागणारं हे गाव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होतं. इंग्लंडच्या राणीचा अंमल इथे सरळ कधी आलाच नाही. म्हणून आपल्याकडची माणसं बिनदिक्कत सांगतात, ‘इंग्रज तिकडे मुंबई-पुण्याला, आपल्याकडे निजाम.’ शाळेच्या पुस्तकातही असंच काहीसं होतं.

पण निजामाच्या राजधानीत, मुसी नदीच्या उत्तर काठावर, इंग्रजांचा एक खराखुरा राजवाडा उभा आहे. तो राजाचा नव्हता, राजाच्या वकिलाचा होता. हैदराबादकर त्या भागाला आजही कोठी म्हणतात. ती ब्रिटिश रेसिडेन्सी. बकिंगहॅम किंवा विंडसरच्या भिंतींआडच्या गोष्टी जगाने चवीने वाचल्या. कोठीच्या गोष्टी त्यांच्यापेक्षा फिक्या नाहीत, आणि त्यांचा आपल्या रानाशी संबंधही जास्त आहे.

कोठी बांधायला घेतली जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने. १७९८ ते १८०५ तो हैदराबादला रेसिडेंट होता. जागा निजामाची, पैसाही निजामाच्याच तिजोरीतला. नकाशा मद्रास इंजिनिअर्सचा अधिकारी सॅम्युएल रसेल याचा आणि काम १८०३ च्या सुमाराचं. दर्शनी बाजूला सहा उंच खांब, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दगडी सिंह, आत झुंबरांचा दरबार हॉल. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याने नोंदवलेली एक आख्यायिका आहे. जमीन मागताना कर्कपॅट्रिकने भलामोठा नकाशा निजामापुढे पसरला आणि निजामाने सरळ नकार दिला. नंतर कळलं की कागद इतका मोठा होता की राज्याच्या नकाशाएवढा दिसत होता, आणि वकील अर्धं राज्य मागतोय असं निजामाला वाटलं. मग तोच नकाशा लहानशा कागदावर काढून नेला आणि लगेच मंजुरी मिळाली. गोष्ट रचलेलीही असेल. पण लहान कागदावर मोठी मागणी मंजूर करून घ्यायची ही रीत पुढची दीडशे वर्षं चालली, तेव्हा रचणारा अडाणी नव्हता एवढं नक्की.

कर्कपॅट्रिकची दुसरी गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. हैदराबादच्या एका बड्या सय्यद घराण्यातल्या खैरुन्निसाशी त्याने निकाह केला. तो हैदराबादी पोशाख करी, फारसी बोले, आणि दरबाराने त्याला हशमत जंग हा किताब दिला होता. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल वेलस्लीने या लग्नाची चौकशी लावली. बायकोसाठी त्याने कोठीच्या आवारात रंगमहाल बांधला. पडद्यातल्या खैरुन्निसाला कोठीची दर्शनी बाजू पाहता येत नव्हती, म्हणून बागेत कोठीची छोटी प्रतिकृती उभी केली, असं सांगतात. १८०५ मध्ये दोन्ही लेकरं इंग्लंडला धाडली. जाण्याआधी चित्रकार जॉर्ज चिनरीने हैदराबादी पोशाखातलं त्यांचं चित्र काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कर्कपॅट्रिक कलकत्त्याला वारला, आणि कोठी पूर्ण झालेली त्याने पाहिली नाही. आईला लेकरं पुन्हा दिसली नाहीत. १८१३ मध्ये तीही गेली. पुढे इंग्रजांनी रंगमहाल पाडला, त्याचा दरवाजा तेवढा राहिला. विल्यम डॅलरिंपल यांनी २००२ साली या दोघांवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ही प्रेमकथा जगभर गेली.

प्रेमकथा जाऊ द्या जगभर. मला मात्र त्याच कर्कपॅट्रिकच्या टेबलावरचे कागद जास्त महत्त्वाचे वाटतात. १ सप्टेंबर १७९८ चा तैनाती फौजेचा तह त्याच्याच हातून झाला. १८०० साली दुसरा तह झाला आणि फौजेच्या खर्चापोटी निजामाने तुंगभद्रेच्या दक्षिणेचा मुलूख कंपनीला देऊन टाकला. नवऱ्याच्या मायेचं कौतुक करताना वकिलाची वसुली विसरायची, ही कोठीच्या गोष्टी सांगणाऱ्यांची जुनी खोड आहे.

तैनाती फौजेवर भागलं नाही. १८११ ते १८२० रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलने निजामाच्या खर्चाने आणखी एक फौज उभी केली. लोक तिला रसेल ब्रिगेड म्हणत, पुढे तिचं नाव हैदराबाद कंटिन्जंट झालं. पगार निजामाने द्यायचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांनी. ही फौज थेट आपल्या शिवेवर आली. जानेवारी १८१९ मध्ये तिने हटकर नाईक नोव्हसाजी याच्या नोव्हा गढीला वेढा घातला आणि महिनाअखेर गढी पाडली. नोव्हा म्हणजे आजच्या नांदेड जिल्ह्यातलं हदगावकडचं गाव. त्याच साली हिंगोलीला छावणी पडली आणि ती १९०३ पर्यंत राहिली. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. म्हणजे कोठीचा पहारा पिंगळीपासून दूर नव्हता, जिल्ह्याच्याच एका तालुक्यात तो ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं मुक्कामाला होता.

पगाराला पैसा कुठून? निजामाचा कारभारी चंदूलाल याच्या काळात वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदार जास्तीत जास्त बोली लावी आणि बोलीची भरपाई कुणब्याकडून करी. तेही पुरेना, तेव्हा विल्यम पामर कंपनीची कर्जं आली, व्याज वर्षाला शेकडा चोवीस-पंचवीस. आपल्याकडच्या सावकाराला नावं ठेवणाऱ्यांनी हा दर लक्षात ठेवावा. शिवाय पामरच्या एका भागीदाराची बायको ही गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या घरात वाढलेली पाल्य होती. १८२० मध्ये रेसिडेंट होऊन आलेल्या चार्ल्स मेटकाफने हे सगळं उघड्यावर आणलं, आणि पामर कंपनी बुडाली. मेटकाफने निजामाच्या जिल्ह्यांत इंग्रज देखरेखदार पाठवून गाववार सारा ठरवायचाही घाट घातला. १८२९ मध्ये नवा निजाम नासिरुद्दौला गादीवर आला आणि त्याने ते देखरेखदार परत पाठवले. मक्ते पुन्हा सुरू झाले. या एका प्रकरणात तरी कोठीतल्या साहेबाने रयतेची बाजू थोडीफार घेतली, हे मान्य करायला हवं.

फौजेच्या पगाराची थकबाकी वाढत गेली आणि तिचा निकाल २१ मे १८५३ ला लागला. त्या दिवशीच्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढच्या आठवडाभरातच दिवाण सिराजुल्मुल्क वारला आणि त्याचा पुतण्या, पहिला सालारजंग, दिवाण झाला. १७ जुलै १८५७ ला तुर्रेबाझ खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी माणसं घेऊन कोठीवर हल्ला केला. निजामाचा दरबार इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला आणि कोठी वाचली. तुर्रेबाझ खान १८५९ मध्ये मारला गेला, अलाउद्दीन अंदमानात मेला. कोठीभोवती भिंती उंच झाल्या आणि निजामाला बक्षीसही मिळालं. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर दोआब परत आले, पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. वऱ्हाड मात्र आलं नाही. सालारजंगाने त्यासाठी जन्मभर अर्ज-विनंत्या केल्या. शेवटी १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला पंचवीस लाखांवर ते कायमच्या खंडाने घेतलं. यवतमाळ, अकोला इंग्रजांकडे आणि परभणी, नांदेड निजामाकडे राहिले ते अशा हिशेबांतून. पैनगंगेच्या अल्याड-पल्याडची दोन कायदे, दोन सारे, दोन शाळा-भाषा ही फारकत तिथलीच.

रेल्वेचं तेच. पिंगळीवरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. तो बांधला लंडनला नोंदलेल्या कंपनीने, आणि तिच्या भागधारकांच्या व्याजाची हमी निजामाच्या खजिन्याची. गाडी आली हे बरंच झालं, पण फुकट नाही आली.

कोठीची शेवटची काही वर्षं लवकर सांगून टाकतो, कारण त्यांत फारसं काही घडत नाही. रेसिडेंटचा दुसरा बंगला बोलारमला होता. तोच आजचा राष्ट्रपती निलयम, आणि तिथे स्वयंपाकघरातून जेवणघराकडे जाणारं भुयार पाहायला लोक येतात. १९४७ मध्ये इंग्रज गेले, १९४९ मध्ये कोठीत उस्मानिया विद्यापीठाचं महिला महाविद्यालय आलं. ज्या घरात एका बाईला दर्शनी खांब पाहता आले नाहीत, तिथे हजारो मुली पदवीधर झाल्या. पुढे छतं गळू लागली, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने इमारत धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातली, दुरुस्ती झाली. खैरुन्निसासाठी केलेली कोठीची प्रतिकृतीही डागडुजी करून जपली आहे.

आता लंडनकडे एक नजर टाकू. २० नोव्हेंबर १९४७ ला राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. निजामाने कार्टिए या जवाहिऱ्याला कळवलं होतं की राजकन्येला हवं ते निवडू द्या. तिने हिऱ्यांचा हार आणि मुकुट निवडला. मुकुट १९७३ मध्ये मोडून त्याचे हिरे दुसऱ्या मुकुटात बसवले, हार राजघराण्यात अजून वापरात आहे. लग्नानंतर नऊ दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, निजामाने भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार केला. त्या वर्षी मराठवाड्यातल्या गावागावांत रझाकारांची दहशत होती आणि स्वामी रामानंद तीर्थांचे सत्याग्रही तुरुंगात होते. राजवाड्यांच्या पुस्तकांत तो हार ‘हैदराबादच्या निजामाची भेट’ म्हणून येतो. माझं मत विचाराल तर भेट देणाऱ्यांच्या यादीत परभणीचे खातेदारही धरायला हवेत.

खातेदारांची ही यादी कुणी लिहिलेली नाही, पण तिचे कागद आहेत. २०२३ पासून मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींच्या शोधात निजामकालीन दप्तरं उघडली गेली, सरकारी समिती हैदराबादपर्यंत जाऊन आली, आणि आपल्या आजोबा-पणजोबांची नावं उर्दू-मोडीत तिथे आहेत हे लोकांना कळलं. नोंद मिळाली की शोध थांबतो, हे मात्र बरोबर नाही. त्याच कागदांत सारा किती, थकबाकी किती, मक्ता कुणाचा, हेही असतं. पिंगळीत किंवा आसपास कुणाच्या पेटीत, माळ्यावर, पाटील-कुलकर्ण्यांच्या घरात असे कागद असतील तर ते रद्दीत घालू नका. फोटो काढा, उर्दू-मोडी वाचणारी म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून वाचून घ्या.