मोहल्ल्यातली मांजरं : नुसतं दूध पाजून भागत नाही, नसबंदीही हवी

परतवाडा : उन्हाळा लागला की आपल्या परतवाडा-अचलपूरच्या मोहल्ल्यांत चार-पाच घरांआड एखादी तरी मांजर व्यालेली असते. कुणाच्या कूलरच्या स्टँडखाली, कुणाच्या माळ्यावर, कुठे लाकडाच्या ढिगात, कुठे बंद पडलेल्या दुकानाच्या शटरमागे. मग घराघरात दोन मतं पडतात. पोरं वाटीत दूध घेऊन धावतात. मोठ्यांपैकी कुणीतरी म्हणतं, ‘पोत्यात घाला अन् चिखलदरा रोडनं दूर सोडून या.’

दूध पाजणाऱ्याचा हेतू चांगला असतो. सोडून देणाऱ्यालाही वाटतं, मारलं तर नाही ना, अल्लाहच्या जमिनीवर सोडलं. पण दोन्हींचा शेवट बहुतेक वेळा पिल्लांच्या मरणातच होतो, आणि पुढच्या हंगामात मोहल्ल्यात मांजरं तेवढीच असतात. यातून बाहेर पडायचा एक मार्ग आहे. तो फार खर्चाचा नाही आणि शरीअतच्या विरोधातही नाही. आज त्याबद्दलच बोलू.

मांजराचं आपल्याशी नातं काय?

मांजराबद्दल आपल्या घरांत आधीपासूनच माया आहे आणि त्याला कारण आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचं हे नावच मांजराच्या पिल्लावरून पडलं. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वजूच्या पाण्याचं भांडं तिरपं करून मांजरीला पाणी पिऊ दिलं. पाहणारीला नवल वाटलं, तेव्हा त्यांनी नबी करीम (स.) यांची शिकवण सांगितली : मांजर नापाक नाही, ती आपल्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. ही रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजी या हदीससंग्रहांत आहे. मांजरीनं तोंड लावलेलं पाणी नापाक होत नाही. फक्त दुसरं पाणी असताना ते वापरणं हनफी मसलकात मकरूह तंजीही, म्हणजे टाळलेलं बरं, असं मानतात.

बुखारी आणि मुस्लिममध्ये दुसरीही गोष्ट आहे. एका बाईनं मांजर कोंडून ठेवली. तिला खायला दिलं नाही, आणि स्वतःचं अन्न शोधायला सोडलंही नाही. मांजर मेली आणि ती बाई अजाबाला पात्र ठरली. ही हदीस आपण वाजमध्ये अनेकदा ऐकतो. आज तिच्यातून स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. ज्या पिल्लाला अजून शिकार येत नाही, त्याला पोत्यातून नेऊन अनोळखी रानात टाकलं, तर त्याच्यापुढे अन्नाचा कोणता रस्ता उरतो?

दूर सोडून का देऊ नये?

पहिलं कारण पिल्लांचं. चार-पाच आठवड्यांच्या पिल्लाला आईविना शिकार करता येत नाही. कुत्री, ऊन आणि उपास यातच ते दोन-तीन दिवसांत संपतं.

दुसरं कारण मोहल्ल्याचं. मटण मार्केटजवळचा उकिरडा, हॉटेलांचं खरकटं, धान्याच्या गोदामातले उंदीर हे सगळं जागेवरच राहतं. जिथं अन्न आहे तिथली मांजरं उचलली, की आजूबाजूची मांजरं ती जागा घेतात. उरलेल्यांची पिल्लंही जास्त जगतात. वर्षभरात संख्या पुन्हा तेवढीच.

तिसरं कारण खास आपल्या गावाचं. परतवाडा म्हणजे मेळघाटचा दरवाजा. १९७४ साली जाहीर झालेला मेळघाट व्याघ्र प्रकल्प आपल्यापासून दूर नाही. त्या जंगलात वाघ-बिबट्यांबरोबर रानमांजर आहे, अंगावर तांबूस ठिपके असलेली छोटी वाघाटीही आहे. गावातली लस न दिलेली मांजरं तिथं सोडली, तर आपल्यासोबत साथीचे आजारही जंगलात नेतात.

आणि हा गुन्हाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणं बसतं. मांजराला विष घालणं किंवा मारणं तर त्याहून गंभीर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग उपाय काय? पकडा, नसबंदी करा, परत आणून सोडा

हिशेब साधा आहे. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गाभण राहिल्यापासून साधारण नऊ आठवड्यांत विते. एका वेळी तीन ते पाच पिल्लं, आणि वर्षातून दोन-तीन वेळा. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे एका मांजरीची आठ-दहा पिल्लं एका वर्षात. त्यांतल्या माद्या वर्ष संपायच्या आत स्वतः वितात.

म्हणून जगभर जे केलं जातं ते असं : मांजर इजा न करता पकडायची, डॉक्टरकडून नसबंदी आणि रेबीजची लस करून घ्यायची, आणि जिथून आणली तिथंच परत सोडायची. ती आपली जागा राखते, उंदीर मारते, पण विणं थांबतं. बोक्यांचं रात्रीचं भांडण, ओरडणं, दारात मुतून वास सोडणं हेही पुष्कळ कमी होतं. मुंबईत महापालिकेनं कुत्र्यांसोबत मांजरांचीही नसबंदी सुरू केली आहे आणि ‘द फेलाइन फाउंडेशन’सारखी संस्था तिथं खास मांजरांसाठी हेच काम करते.

नसबंदी जायज आहे का?

हा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो, आणि तो विचारायलाच हवा. सतराव्या शतकात औरंगजेबाच्या काळात तयार झालेल्या ‘फतावा आलमगिरी’ या हनफी फिकहच्या ग्रंथात मांजराचा उल्लेख नावानिशी आहे. फायदा असेल किंवा त्रास टाळायचा असेल, तर मांजर खस्सी करण्यात हरकत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे हा आजकालच्या लोकांनी काढलेला नवा विषय नाही. शाफई मसलकात याबाबत मत जास्त कडक आहे, त्यामुळे कोकणी किंवा इतर शाफई कुटुंबांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावं. जनावराला विनाकारण त्रास होऊ नये, ही अट सगळ्यांचीच. म्हणून हे काम भूल देऊन, डॉक्टरच्याच हातून व्हायला हवं.

प्रत्यक्षात कसं करायचं?

१. आधी मोजा. गल्लीत मांजरं किती, माद्या किती, बोके किती, कोण गाभण दिसते, कोणाची पिल्लं पीत आहेत, हे वहीत लिहा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

२. खाण्याची जागा आणि वेळ ठरवा. रोज एकाच वेळी एकाच ठिकाणी खायला द्या आणि अर्ध्या तासात भांडं उचला. जागा कुणाच्या दारात, जिन्यात किंवा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणी नको. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही मोकाट जनावरांना खाऊ घालण्याची जागा अशीच निवडायला सांगितलं आहे. शेजाऱ्यांची तक्रार निम्मी इथंच मिटते.

३. डॉक्टरची वेळ आधी घ्या, मांजर नंतर पकडा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा खासगी डॉक्टरकडे मांजराचं ऑपरेशन होतं का, हे विचारा. गाई-म्हशींचा दवाखाना चालवणारे सगळेच डॉक्टर मांजराची मादी उघडत नाहीत. इथं सोय झाली नाही, तर अमरावती साधारण ५० किलोमीटरवर आहे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तिथंही चौकशी करता येते. चार-पाच मांजरं एकाच दिवशी नेली तर गाडीभाडं वाटून जातं.

४. पकडणं. हाताळू देणारी मांजर असेल, तर संत्र्याचे दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून बांधले की झाली टोपली. बिचकणारी असेल तर जाळीचा पिंजरा लागतो. वेल्डिंगवाल्याकडून अडीच-तीन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद-उंच असा, दार आपोआप पडणारा पिंजरा बनवून घेता येतो. एक पिंजरा अख्ख्या मोहल्ल्याला पुरतो. आदल्या रात्री खायला देऊ नका, म्हणजे वासानं ती आत शिरते आणि भुलीसाठी पोटही रिकामं राहतं. मांजर अडकली की लगेच पिंजऱ्यावर चादर टाका. अंधारात ती शांत होते. पोत्यात कधीही घालू नका आणि उघड्या हातानं धरू नका.

५. कानाची खूण. भुलीत असतानाच डॉक्टरला डाव्या कानाचं टोक किंचित कापायला सांगा. पुढे लांबूनच कळतं की हिचं ऑपरेशन झालं आहे, आणि तिला पुन्हा पकडायचा त्रास वाचतो.

६. परतीनंतर. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय सोडू नका. बोक्याला एक दिवस, मादीला डॉक्टर सांगतील तितके दिवस सावलीत ठेवा. परतवाड्याच्या मे महिन्यात भुलीतलं जनावर पत्र्याखाली ठेवणं म्हणजे जीव घेणं, हे विसरू नका.

पिल्लं दिसली तर लगेच उचलू नका

‘मांजर पिल्लांना सात घरं फिरवते’ असं आपण म्हणतोच. आई बहुतेक वेळा अन्नाला गेलेली असते. दूर उभं राहून दोन-तीन तास पाहा. थांबायला वेळ नसेल, तर पिल्लांभोवती कणीक भुरभुरवा. परत आल्यावर पावलं उमटलेली दिसली, तर आई येऊन गेली. पिल्लं गरम आणि पोटं भरलेली असतील, तर हात लावू नका, आईलाच खाऊ-पाणी द्या. पिल्लं थंडगार पडली असतील, सारखी ओरडत असतील, मुंग्या लागल्या असतील, किंवा आई गाडीखाली गेल्याचं माहीत असेल, तरच उचला.

शेताच्या धुऱ्यावर किंवा जंगलाच्या बाजूला लांब पायांचं, कानावर केसांचा झुपका असलेलं पिल्लू दिसलं, तर ते रानमांजराचं असू शकतं. ते घरी आणू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

पिल्लांचा तात्पुरता सांभाळ

यालाच फॉस्टर म्हणतात. पिल्लू कायमचं पाळायचं नाही, फक्त ते खातंपितं होऊन चांगलं घर मिळेपर्यंत सहा-आठ आठवडे सांभाळायचं.

आधी ऊब, मग दूध. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही आणि पिल्लू मरतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं कापड घाला. गरम पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे पिल्लाला हवं तर दूर सरकता येईल.

गाई-म्हशीच्या दुधानं पिल्लांना हगवण लागते. मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची वेगळी पावडर मिळते, तीच द्या. पाजताना पिल्लू पोटावर ठेवा, माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नका, दूध फुप्फुसात जातं. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं मागचा भाग हळूच पुसा. आई चाटून हेच करते, त्याशिवाय इतक्या लहान पिल्लांना लघवी-शी होत नाही.

स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढतं. एक दिवस वजन वाढलं नाही तर सावध व्हा, घटलं तर डॉक्टर गाठा. डोळे आठ-दहा दिवसांत उघडतात. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं द्या, कडेला वाळूचा ट्रे ठेवा, आपोआप शिकतात. आठ-नऊ आठवड्यांना पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, आणि तीन महिन्यांना रेबीजची.

घरातलं औषध देऊ नका. तापासाठी आपण घेतो ती पॅरासिटामॉल मांजराला विषासारखी आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत कुणाला देऊ नका. देताना नसबंदी करून घेण्याचा शब्द घ्या आणि वेळ आली की आठवण करून द्या.

घरातली काळजी

मांजर चावली किंवा ओरबाडलं, तर जखम १५ मिनिटं वाहत्या पाण्यात साबणानं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद-चुना लावत बसू नका, रेबीजवर इलाज नाही, फक्त लस आहे. घरात कुणी गरोदर असेल, तर वाळूचा ट्रे दुसऱ्यानं साफ करावा. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

सुरुवात कुठून?

एका गल्लीत चार घरं एकत्र आली तरी पुरे. एकानं पिंजरा करावा, एकानं डॉक्टरशी बोलावं, एका घरानं पिल्लांचं खोकं सांभाळावं, उरलेल्यांनी दर महिन्याला थोडं थोडं द्यावं. मुक्या जिवाला पाणी पाजण्यातही सवाब आहे, हे तहानलेल्या कुत्र्याच्या हदीसमधून आपण शिकलोच आहोत. मस्जिदच्या जमातीनं शुक्रवारी दोन शब्द सांगितले, मदरशातल्या मुलांना पिल्लांशी कसं वागायचं हे दाखवलं, तर काम आणखी सोपं होईल. अचलपूर नगरपरिषदेकडे मोहल्ल्याच्या सह्यांचा अर्ज देऊन, कुत्र्यांसोबत मांजरांच्या नसबंदीचाही विचार करा, अशी मागणी करता येईल.

बकरी ईदला आतडी-कातडी उघड्यावर टाकू नका, खड्ड्यात पुरा किंवा नगरपरिषदेच्या गाडीत द्या. खरकटं कमी झालं की मांजरांची गर्दीही कमी होते. आणि पुढच्या वेळी कुणी पोतं काढलं, तर भांडू नका. वही दाखवा, पिंजरा दाखवा, आणि म्हणा : एक दिवस थांबा, उद्या हिला डॉक्टरकडे नेऊ.