भंगार जगाचं, सळई जालन्याची : पुरवठा साखळी आणि भट्टीवरची नोंद

(जुना जालना येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

विषयाचं नाव जड आहे : जागतिकीकरण, पुरवठा साखळी आणि उद्योगांचं सॉफ्टवेअर. पण कुंडलिकेच्या काठी बसून यावर बोलायचं तर उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्या एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्याच्या फाटकाशी तासभर उभे राहा. आत जाणाऱ्या ट्रकांत भंगार असतं. त्यातलं काही भंगारवाल्यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेलं, काही मुंबईहून आलेलं, आणि काही आखातातून किंवा युरोपातून कंटेनरमध्ये न्हावाशेवाला उतरलेलं. सोबत कोळशावर तयार झालेलं स्पंज आयर्न. हे सगळं भट्टीत वितळतं, त्याचं बिलेट होतं आणि बिलेटची सळई.

जालन्याला जगाचा बाजार नवा नाही. १९००च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे इथून गेली आणि इथला कापूस मुंबईच्या आणखी जवळ आला. मुंबईचा कापसाचा भाव लिव्हरपूलकडे बघून ठरायचा, तो तारेनं कळायचा. आडत्याची वही, बिल्टी आणि हुंडी हेच त्या काळचं सॉफ्टवेअर म्हणा. ते चालायचं कारण वही लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना ओळखत होते.

ओळख सुटली ती कंटेनरनं. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी पहिल्या खेपेत ५८ पेट्या जहाजावर चढवल्या. आपलं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं आणि १९९१ नंतर आयातीची दारं उघडत गेली. पेटी बंद, आत काय आहे ते कागदावर. भंगाराच्या व्यापारात 'एचएमएस ऐंशी-वीस' असा शब्द आहे. म्हणजे ढोबळमानानं ऐंशी टक्के जाड, चांगला माल आणि वीस टक्के पातळ, हलका. पण त्या भंगारात जुन्या मोटारींचं तांबं किती मिसळलंय, हे त्या नावात नसतं. तांबं भट्टीत जळून जात नाही, लोखंडातच राहतं, आणि जास्त झालं तर रोलिंग करताना बिलेटच्या अंगावर चिरा पडतात. फॉस्फरसचंही तसंच. इंडक्शन भट्टी वितळवण्यात पटाईत आहे, शुद्ध करण्यात नाही. सळईच्या भारतीय मानकात, आयएस १७८६मध्ये, फॉस्फरस आणि गंधकाला मर्यादा आहे. तिकडे कोणी काय मिसळलं, त्याचं उत्तर इथल्या भट्टीवाल्याला द्यावं लागतं.

आता वेळेचं बघा. युरोपातून निघालेल्या कंटेनरला सुएझमार्गे तीन-चार आठवडे लागतात. मार्च २०२१मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज कालव्यात आडवं झालं, सहा दिवस वाट बंद. २०२३च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून पाठवली. दहा ते चौदा दिवस जास्त. तेवढे दिवस पैसा पाण्यावर अडकलेला, आणि बँकेचं व्याज काही समुद्रात थांबत नाही! भावही आपल्या हातात नाही. जगात सर्वाधिक भंगार आयात करणारा देश तुर्कस्तान. तिथल्या गिरण्यांनी खरेदी वाढवली की आपल्याला मिळणारा भाव हलतो. म्हणून मालकाला रोज सकाळी एकच प्रश्न : आज भट्टीत भंगार किती टाकायचं आणि स्पंज किती?

इथे सॉफ्टवेअर येतं. १९६०च्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी कारखान्यासाठी एक हिशेब मांडला. तयार वस्तू किती हवी ते ठरवा, तिच्या सुट्या भागांची यादी करा, आणि उलटं मोजत कोणता भाग कधी मागवायचा ते काढा. त्यातूनच पुढे ईआरपी वाढलं. जर्मनीत १९७२ साली एसएपी ही कंपनी निघाली, तिचं सॉफ्टवेअर आज जगभरच्या मोठ्या कंपन्या वापरतात. आपल्याकडच्या व्यापाऱ्याला जास्त ओळखीची १९८६ सालची टॅली. दोघांत फरक आहे. टॅली झालेलं लिहिते. ईआरपीनं पुढे काय करायचं ते सांगावं, अशी अपेक्षा असते.

पण ऑर्लिकींच्या हिशेबात एक गृहीत आहे : कृती ठरलेली असते. एका स्कूटरला दोन चाकं, आज दोन, उद्याही दोन. भट्टीत तसं नाही. मिश्रण भावाप्रमाणे रोज बदलतं. उतारा बदलतो, शंभर टन टाकलं तर गंज, माती, मळी जाऊन किती टन निघेल हे मालावर आणि भट्टीवाल्याच्या हातावर. संगणक मात्र विचारतो, टाकलं इतकं, निघालं इतकं, मग राहिलेलं गेलं कुठं? मग संध्याकाळी ऑफिसातला पोरगा आकडा बसवतो. 'बसवणं' हा शब्द तुम्हाला माहीत आहे, म्हणून हसताय. लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या पोटात बसवलेला आकडा. पुरवठा साखळीवर इतकं लिहिलं जातं, त्यात हा पोरगा कुठेच नसतो, याचं मला आश्चर्य वाटतं.

बरं, ही नोंद मागतं कोण? बहुतेक वेळा मालक नाही, लांबचा कोणीतरी. २००४ साली गाझियाबादजवळच्या पोलाद कारखान्यात आयात भंगारातल्या स्फोटक वस्तूचा स्फोट होऊन दहा कामगार गेले. त्यानंतर भंगार जहाजावर चढण्याआधी तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. त्या दाखल्यामागे दहा माणसं आहेत. त्याला नुसता कागद म्हणून नाक मुरडू नका. पुढे जुलै २०१७मध्ये जीएसटी आला, २०१८मध्ये ई-वे बिल. ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस लागतं. उत्पादन शुल्काच्या काळात विजेच्या युनिटांवरून माल किती निघाला असेल ते काढायचे आणि त्यावरचे वाद कोर्टात जायचे. आता वीज, गाडी आणि बिल यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणं फार सोपं झालंय.

आणि आता युरोप. त्यांनी सीमेवर कार्बनचा आकार लावलाय. ऑक्टोबर २०२३पासून नुसती माहिती मागितली, १ जानेवारी २०२६पासून पैशांचा टप्पा सुरू. आपली सळई बहुतेक देशातच खपते, म्हणून थेट झळ कमी. पण युरोपला लोखंडी माल पाठवणाऱ्या कारखान्याला कोणी पोलाद विकत असेल, तर तो गिऱ्हाईक विचारणार : या पोलादामागे किती कार्बन? खरी गंमत इथे आहे. भंगारापासून केलेल्या पोलादाचा कार्बन खनिजापासून केलेल्यापेक्षा खूप कमी. स्पंज घातलं की तो चढतो, कारण त्यात कोळसा. म्हणजे दर हीटला भंगार किती आणि स्पंज किती, ही जी नोंद आपण बसवत होतो, तिलाच बाजारात किंमत येते आहे. बसवलेली असेल तर ती पडताळणीत टिकणार नाही, आणि भंगार वापरल्याचा फायदा कागदावर येणारच नाही.

आपल्याच गावातल्या बियाण्याच्या धंद्याला हे लवकर कळलं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको सुरू केली तेव्हापासून जालना बियाण्याचं गाव. बियाणं जिवंत असतं, त्याच्या उगवणशक्तीला मुदत असते. पुढच्या खरिपाचं बियाणं आधीच शेतकऱ्याच्या शेतात घ्यावं लागतं, पाऊस कसा पडणार ते माहीत नसताना. अंदाज चुकला तर दुकानातून पाकिटं परत. म्हणून तिथे लॉट नंबरला फार जपतात. केंद्र सरकारनं २०२३मध्ये 'साथी' पोर्टल काढलं, त्यात पाकिटावरच्या क्यूआर कोडवरून बियाण्याचा माग काढायची सोय आहे.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यातला एक प्रश्न.)

प्रश्न : सर, आमच्यासारख्या छोट्या मिलला मोठं ईआरपी परवडत नाही. करायचं काय?

उत्तर : ते घेऊच नका आत्ता. आधी वजनकाट्याचा आकडा हातानं न लिहिता थेट संगणकात जाऊ द्या. मग भट्टीजवळ एक वही किंवा एक टॅबलेट, काहीही चालेल, आणि दर हीटला चार गोष्टी : कोणतं भंगार किती, स्पंज किती, वीज किती, बिलेट किती. ज्यानं माल टाकला त्यानंच लिहायचं, त्याच शिफ्टमध्ये. उतारा कमी आला म्हणून त्याच्यावर ओरडायचं नाही, नाहीतर उद्यापासून तोही आकडा बसवायला लागेल. असं सहा महिने करा. तेवढ्या नोंदी हातात आल्या की सॉफ्टवेअर विकणारा समोर बसेल तेव्हा त्याला काय विचारायचं ते तुम्हाला कळेल, आणि मिश्रण रोज बदलणारी भट्टी त्याच्या पडद्यावर कशी दिसते ते दाखव, असं तुम्ही सांगू शकाल. दाखवता नाही आलं, तर चहा पाजून परत पाठवा.