कोट न घातलेला पॉल रिव्हिअर

जुनी अमेरिकी व्यक्तिचित्रं पाहताना नजर आधी चेहऱ्यावर जाते. ती थोडी खाली आणावी, कपड्यांवर आणि हातांवर. अठराव्या शतकातल्या बोस्टनमध्ये चित्र काढून घेणं म्हणजे चार लोकांत आपली ऐपत मांडणं. त्यासाठी व्यापारी मखमली कोट घालून बसायचे, बायका रेशमात. ते रेशीम त्यांच्या घरचं असेलच असं नाही. जॉन सिंगलटन कॉप्लीसारखा नावाजलेला चित्रकारही विलायतेहून आलेल्या छापचित्रांवरून पोशाख उचलायचा.

याच कॉप्लीने १७६८ च्या सुमारास पॉल रिव्हिअरला रंगवलं. चित्र बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. रिव्हिअर चांदीकाम करणारा कारागीर. अंगात कोट नाही, डोक्यावर केसांचा टोप नाही. पांढरा सैलसर सदरा, वर बटणं न लावलेली बंडी. हनुवटी उजव्या हातावर, डाव्या हातात चांदीची चहादाणी. तिच्यावर अजून नक्षी उमटलेली नाही. खाली कोरीवकामाची चामडी उशी, पुढ्यात कोरण्या. चहादाणी अगदी जवळून पाहा. तिच्या गुळगुळीत पोटावर रिव्हिअरची बोटं पुन्हा दिसतात. चांदीची चकाकी दाखवायला नुसता पांढरा रंग पुरत नाही. आजूबाजूचं जे जे तिच्यात पडतं, ते वाकवून रंगवावं लागतं. कॉप्लीचं खरं कसब तिथे आहे.

आता टेबल पाहा. आरशासारखं लखलखीत, एक ओरखडा नाही. सदऱ्यावर डाग नाही, बंडीला सोनेरी बटणं. कारखान्यात असं कोण बसतं? कारागिरीचा अभिमान दाखवायचा, पण घाम दाखवायचा नाही, असा हा बेत असावा.

चहादाणीत राजकारण शोधण्याचा मोह होतो, कारण १७६७ मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींत येणाऱ्या चहावर कर बसवला होता. पण जपून. कॉप्लीकडे ब्रिटिश सत्तेचे समर्थक आणि विरोधक अशी दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं येत, आणि त्याचे सासरे तर चहाचे व्यापारी. ब्रिटिश सैन्य येत असल्याची खबर देण्यासाठी रिव्हिअरने केलेली प्रसिद्ध घोडदौडही १७७५ सालची, म्हणजे अजून लांब होती.

राजकारणच पाहायचं असेल, तर १७६८ मध्ये रिव्हिअरने घडवलेला चांदीचा ‘सन्स ऑफ लिबर्टी’ वाडगा याच संग्रहालयात आहे. राजाज्ञा झुगारणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या ९२ प्रतिनिधींच्या सन्मानार्थ तो घडवला होता. चहादाणीवर न दिसणारं त्याचं कोरीवकाम या वाडग्यावर भरपूर आहे.