वाळूच्या टेकड्या (९) : आगरातली गोड विहीर

सुरूच्या बनांबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढे ढकलतो. गुहागरहून एका वाचकभगिनींचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न मला सोडवेना. त्यांच्या आगरातली विहीर भरतीच्या रेषेपासून शे-दीडशे पावलांवर. मध्ये केवड्याची राई आणि मर्यादवेलीनं झाकलेला वाळूचा उंचवटा, एवढंच. समुद्र इतका उशाशी असून ऐन मे महिन्यात पाणी गोड कसं?

त्या उंचवट्यामुळे. कातळावरचा पाऊस वाहून जातो, वाळूवरचा सरळ खाली उतरतो. खाली खारं पाणी असतंच. पण समुद्राचं पाणी लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम जड, म्हणून गोडं पाणी त्यावर तरंगत राहतं. वाळूच्या कणांत अडकल्यामुळे दोन्ही सहजी मिसळत नाहीत. गोड्या पाण्याचा साठा भिंगासारखा होतो, मध्ये जाड आणि समुद्राकडे पातळ. त्याचा हिशेब मला दरवेळी थक्क करतो : समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी साचलं, तर खाली सुमारे ४० मीटर गोडंच. कोकणात वाळूखाली लवकर कातळ लागतो, म्हणून इतकी खोली तिथे मिळत नाही. हॉलंडमध्ये मिळते. ॲमस्टरडॅमला १८५३ पासून समुद्रकाठच्या टेकड्यांतलं पाणी नळानं येतं.

हाच हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी वीतभर खाली गेली, की खालचं खारं पाणी चाळीस विती वर सरकू पाहतं. रहाट दिवसभर फिरला तरी विहिरीला दम खायला वेळ मिळायचा. एका आगरात रहाट काढून मोठा पंप बसवलेला मी पाहिला. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी मचूळ झालं आणि पोफळींची पानं टोकाकडून करपली. बंगल्यातून समुद्र दिसावा म्हणून टेकडी सपाट करतात, तेव्हा पावसाचं पाणी साठवणारी जागाच जाते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वांत संवेदनशील गटात आहेत, ते मला अगदी रास्त वाटतं.

भर उन्हात अशा टेकडीच्या माथ्यावर बसावं. मर्यादवेलीची जांभळी फुलं दुपारपर्यंत मिटू लागतात. वाळू पोळत असते, पण हात कोपरापर्यंत खुपसला की बोटांना गार ओल लागते. वरचा कोरडा थर खालच्या ओलीवर पांघरूण घालून असतो. मी तिथे कितीतरी दुपारी नुसता बसून काढल्या आहेत.

पत्रात आणखी एक निरीक्षण आहे : अमावास्येच्या सुमाराला विहिरीचं पाणी 'वर आल्यासारखं' वाटतं. बाई, ते खरंच वर येत असणार. भरतीचा दाब वाळूतून आत पोचतो, मात्र उशिरा. विहिरीच्या चिऱ्यावर चुन्याची रेघ ओढा, येत्या उधाणाला भरतीची वेळ टिपा आणि पाणी रेघेपाशी किती वेळानं पोचतं ते कळवा. सुरू तोवर थांबेल.